रेडिओ नवा की वापरलेला? एरोमॉडेलिंग प्रयोगशाळेच्या खरेदीच्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

एरोमॉडेलिंगसाठी, म्हणजे रेडिओवरून उडवायची छोटी विमानं करायला, कॉलेजकडून पन्नास हजार मंजूर झाले. मागणी सव्वा लाखाची होती. सही करताना प्राचार्यांनी विचारलं, "यात विमानं किती बसतील?" दोन, म्हटलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, तेव्हा खुलासा करावा लागला. विमान स्वतः स्वस्तच असतं. पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड, कार्बनची एक नळी, हॉट ग्लू, पॅकिंग टेप. पैसे जातात ते जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हुकूम हवेतल्या विमानापर्यंत पोचवण्यात.

मेकॅनिकलच्या सरांनी उंच पंखाचं ट्रेनर काढून ठेवलंय. पंखांचा पसारा १२० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन साधारण ८५० ग्रॅम. ए२२१२ मोटर १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० बाय ४.५चा प्रॉपेलर, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी). या भागात विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. प्रश्न आहे तो रेडिओचा, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरचा आणि विमानातल्या रिसीव्हरचा.

एक अट आधीच ठरवून टाकली आहे. शिकाऊ मुलाच्या हातातला ताबा एका खटक्यात शिकवणाऱ्याकडं यायला हवा. म्हणजे शिक्षकाचा एक रेडिओ आणि त्याला केबलनं जोडलेला मुलाचा दुसरा. ही जोडी जमत नसेल तर रेडिओ फुकट मिळाला तरी आमच्या उपयोगाचा नाही.

२१ जून, शुक्रवार

बातमी मुलांपर्यंत पोचली आणि जुन्या सामानाचे प्रस्ताव यायला लागले. इंजिनिअरिंगला गेलेली आमचीच माजी मुलं स्पर्धेसाठी विमानं करतात, शेवटचं वर्ष संपलं की सामान विकायला काढतात. वापरलेल्या आरसी (रेडिओ कंट्रोल) सामानाचा आपल्याकडचा खरा बाजार हाच. दुसरा म्हणजे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलेली वडीलधारी मंडळी.

पहिला प्रस्ताव: फ्लायस्काय सीटी६बी, १,५०० रुपये. याला पडदाच नाही. सर्व्होची दिशा उलटवायची असली तरी केबल लावून संगणकातून करायची, वर आठ पेन्सिल सेल घालायचे. मैदानावर उन्हात लॅपटॉपवर हाताची सावली धरून बसायची माझी तयारी नाही. नको.

दुसरा: स्पेक्ट्रम डीएक्स६आय, ३,५०० रुपये, सोबत एक रिसीव्हर. हा रेडिओ आजही वाईट नाही. दहा मॉडेलांची स्मृती, चारच सेल, पडद्यावर सगळ्या सेटिंग्ज. पण या नावाचे दोन प्रकार फिरतात. सुरुवातीचे फक्त डीएसएम२ ही रेडिओची भाषा बोलतात, नंतरचे डीएसएमएक्ससुद्धा. डीएसएम२ चालू होताना दोन मोकळे चॅनल निवडतो आणि उड्डाण संपेपर्यंत त्यांवरच बसून राहतो. डीएसएमएक्स २३ चॅनलांवर सतत उड्या मारतो. एका मैदानावर चार रेडिओ आणि वीस मोबाइल असतील तर मला उड्या मारणाराच हवा. मुलाला म्हटलं, मागच्या लेबलचा फोटो पाठव. तिथं डीएसएमएक्स लिहिलं नसेल तर पुढं बोलायचं नाही.

तिसरा पुण्याचा. एनसीसीच्या कॅडेट्सना अनेक वर्षं एरोमॉडेलिंग शिकवलेले एक काका मुलाच्या फ्लॅटवर राहायला जातायत, घरातलं सामान कमी करायचंय. "फुटाबा आहे, जपानी, आजच्या मुलांना कळायची नाही," असं फोनवर म्हणाले. किंमत फोनवर सांगणार नाहीत. बघायला जावंच लागेल.

२७ जून, गुरुवार

अकाउंट सेक्शनला सहज विचारलं आणि अर्धा प्रश्न तिथंच सुटला. की वाढला, कुणास ठाऊक. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, जुनी वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला कुठल्या बिलावर लावू?" तीन दरपत्रकं, जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्डाची प्रत. खाजगी माणसाकडून घेतलेल्या रेडिओला यातलं काहीच नसतं. कॉलेजच्या पैशातून जे येईल ते नवंच येईल. वापरलेलं आलंच तर भेट म्हणून, नाहीतर मुलांच्या स्वतःच्या खिशातून.

भाऊसाहेबांच्या नियमावर हसणं सोपं आहे. पण बिल म्हणजे बिघाड झाल्यावर भांडायला दार. वापरलेल्या वस्तूचा भाव ठरवताना ते दार नसल्याची किंमत आधी वजा करायला हवी. बहुतेक विकणारे ती वजा करत नाहीत. "नवा पाच हजाराला आहे, मी चारला देतो" हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. निम्म्याच्या वर मी जात नाही.

३० जून, रविवार. पुणे

पहाटेच्या एसटीनं पुणं गाठलं. रविवार म्हणून काकांकडं जाण्याआधी जुन्या बाजारात एक फेरी मारली. खेळण्यांचे २७ मेगाहर्ट्झचे रिमोट ढिगानं, त्यांच्या गाड्या कुठंच नाहीत. उघडे पडलेले सर्व्होही दिसले. कुणी उचलून नेतं का देव जाणे.

काकांनी टेबलावर स्वच्छ चादर घालून सगळं मांडून ठेवलं होतं. दोन रेडिओ. एक ७२ मेगाहर्ट्झचा जुना फुटाबा, हातभर लांब ओढायची अँटेना आणि डबीत चॅनल ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या जोड्या. दुसरा फुटाबा ६ईएक्स, २.४ गिगाहर्ट्झचा, फास्ट (एफएएसएसटी) या फुटाबाच्या स्वतःच्या पद्धतीचा, आर६१७एफएस हे दोन रिसीव्हर सोबत. शिवाय एस३००३ सर्व्हो डझनभर आणि एरंडेल जळून आत चिकटलेलं एक ग्लो इंजिन, ज्याचा शाफ्ट आता फिरतच नाही. इंजिनाकडं मी बघितलंही नाही. मिथेनॉल नि नायट्रोचं इंधन आणून ठेवायचं प्रयोगशाळेत कुणी कबूल होणार नाही.

७२ मेगाहर्ट्झबद्दल काकांनी जे सांगितलं ते मुलांनी ऐकायला हवं होतं. मैदानावर एका फळीवर चॅनलांच्या चिमट्या लावलेल्या असायच्या. ज्याच्या हातात चिमटा, त्यानंच रेडिओ चालू करायचा. एकाच क्रिस्टलचा दुसरा रेडिओ कुणी लांब गाडीजवळ बसून चालू केला की हवेतलं विमान गेलंच. २.४ आल्यावर ही भानगड संपली, कारण रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची ओळख मानतो. शिवाय २००५च्या नियमांनुसार आपल्याकडं २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे. ७२ला ती मुभा नाही. म्हणून तो रेडिओ कितीही सुस्थितीत असला तरी उडवण्यासाठी त्याची किंमत माझ्या लेखी शून्य. काकांना हे रुचलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही.

६ईएक्स मात्र नीट तपासला.

आधी सेलची पेटी. आठ सेलचा निकेल-कॅडमियमचा मूळ पॅक, ९.६ व्होल्ट, ६०० एमएएच. पॅक मेलेला असणार हे गृहीतच होतं. मी बघत होते काळी तार. जुन्या निकेल-कॅडमियमच्या पॅकमध्ये ऋण बाजूची तांब्याची तार आतून काळी पडत जाते आणि ती कीड वायरच्या आतून कनेक्टरपर्यंत, कधी थेट सर्किट बोर्डापर्यंत पोचते. वरचं प्लास्टिक लखलखीत दिसतं. कनेक्टरपाशी जरा सोललं की कळतं. इथं पॅकची तार काळी होती, रेडिओच्या बाजूची लालसर तांब्याची. म्हणजे वेळेत सापडलं. पॅक बदलला की काम होईल.

मग काठ्या, म्हणजे विमान चालवायच्या अंगठ्याखालच्या दोन दांड्या. या रेडिओला हालचाल दाखवणारा पडदा नाही, म्हणून रिसीव्हरला एक सर्व्हो जोडला, त्याला लांब दांडा लावला आणि काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शक्य तितकी सावकाश नेली. काठीखाली पोटेन्शिओमीटर असतो. रेडिओच्या व्हॉल्यूमचं बटण जुनं झालं की खरखरतं, तसा हाही झिजतो, आणि झिजलेल्या जागी सर्व्हो झटका देतो. जोरात हलवलं तर हा दोष लपतो, विकणारे नेहमी जोरातच हलवून दाखवतात. सगळ्यात आधी थ्रॉटल (मोटरचा वेग) झिजतं, तेही मधल्या टप्प्यात, कारण सगळं उड्डाण तिथंच होतं. काकांच्या रेडिओत थ्रॉटल उजव्या हाताला होतं, मोड १. आमची मुलं मोड २वर, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला ठेवून, शिकणार. थ्रॉटलची खाचेची पट्टी आणि दुसऱ्या काठीची स्प्रिंग यांची अदलाबदल करून सेटिंग बदललं की होतं, तासाभराचं काम.

मग रिसीव्हर.

"काका, यातला कुठला आपटलाय का?"

"मॅडम, आपटला नाही असा रिसीव्हर माझ्याकडं नाही."

असं प्रामाणिक उत्तर मिळालं की उरलेली तपासणी सोपी होते. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तिचा पाव भाग ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाची लांब काळी वायर फक्त वाहून नेणारी, खरी अँटेना म्हणजे टोकाचा तो ३१ मिलिमीटरचा उघडा भाग. पट्टी लावून मोजलं. एका रिसीव्हरची दोन्ही टोकं बरोबर, दुसऱ्याचं एक टोक तुटून निम्मं राहिलेलं. असा रिसीव्हर टेबलावर उत्तम चालतो. शंभर मीटरवरही चालतो. विमान दूर गेल्यावर वळताना पाठ फिरवतं आणि मग तो ऐकायचा थांबतो. रेडिओ आणि रिसीव्हरची जोडणी, म्हणजे बाइंड, मी माझ्यासमोर नव्यानं करून घेतली, आधीपासून जोडलेला सेट चालवून दाखवला तर बाइंडचं बटण चालतं की नाही ते कळत नाही. शेवटी इमारतीच्या गच्चीवर पन्नास पावलं लांब जाऊन कमी शक्तीवरची रेंज बघितली. चांगली.

काकांनी सहा हजार सांगितले. वस्तूच्या मानानं भाव रास्त. पण कॉलेजच्या पैशातून घेता येत नाही हे सांगितलं, तेव्हा ते गप्प झाले. "बघू," म्हणाले. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

५ जुलै, शुक्रवार

परत आल्यावर चार दिवस ६ईएक्स डोक्यातून जाईना. हातात धरल्यावरचं त्याचं वजन, काठ्यांचं गुळगुळीत परतणं. त्यापुढं फ्लायस्कायचा स्वस्तातला नवा रेडिओ, आय६, खेळणं वाटतो. मग वहीत एका पानावर फक्त रिसीव्हरचा हिशेब मांडला आणि निर्णय आपोआप झाला.

रेडिओ एकदा घ्यायचा असतो. रिसीव्हर प्रत्येक विमानात एक, आणि शिकाऊ मुलांच्या हातात तो मोडणार, हरवणार, उसाच्या फडात पडून सापडणारच नाही. फास्ट पद्धतीचा फुटाबाचा मूळ रिसीव्हर ज्या किमतीत मिळतो तेवढ्यात फ्लायस्कायचा रेडिओ नि रिसीव्हर दोन्ही नवे येतात. शोधायला लागणारा वेळ वेगळाच. फ्लायस्कायचा आयए६बी रिसीव्हर १,४०० रुपयांत आणि पुण्याहून दोन दिवसांत. म्हणजे जुन्या रेडिओचा भाव विचारण्याआधी त्याच्या रिसीव्हरचा आजचा भाव विचारायला हवा. बरेच जण रेडिओ स्वस्तात मिळाला म्हणून घेतात आणि नंतर एका रिसीव्हरसाठी सहा महिने फिरतात.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं म्हणणं: एक्स्प्रेसएलआरएस (एक नवी रेडिओ पद्धत) घ्या मॅडम, सगळे तेच घेतात. त्यांचं चूक नाही. लांबचा पल्ला, मोकळं सॉफ्टवेअर, नखाएवढा रिसीव्हर. पण त्यातले बरेचसे रिसीव्हर फ्लाइट कंट्रोलरशी (विमानातल्या छोट्या संगणकाशी) सिरियल वायरवरून बोलतात, सर्व्हो थेट लावायला पिनाच नसतात. पिना असलेले मिळतात, महाग पडतात. आमच्या विमानात फ्लाइट कंट्रोलर नाही, विमान नजरेच्या टप्प्याबाहेर न्यायचंही नाही. पल्ल्याचे पैसे कशाला मोजायचे?

१० जुलै, बुधवार

यादी ठरली. शिक्षकासाठी रेडिओमास्टर बॉक्सर, फोर-इन-वन मॉड्यूलचा. यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप आहेत. ए७१०५ फ्लायस्कायशी बोलते, सीवायआरएफ६९३६ स्पेक्ट्रमशी, सीसी२५०० फ्रस्काय आणि फुटाबाच्या एस-एफएचएसएस या दुसऱ्या पद्धतीशी, एनआरएफ२४ खेळण्यांशी. फास्ट यांपैकी कुणालाच येत नाही, त्यामुळं काकांच्या ६ईएक्सचा उरलासुरला मोहही गेला. काठ्यांखाली चुंबकानं जागा ओळखणारे हॉल सेन्सर आहेत, घासणारा भागच नाही. मागं जादा मॉड्यूलची खोबण आहे, पुढंमागं एक्स्प्रेसएलआरएस हवंच झालं तर तिथं बसेल.

मुलांसाठी फ्लायस्काय आय६, तीन. चार हवे होते, बसत नाहीत.

हिशेब दरपत्रकांवरून, जीएसटीसकट: आय६ आणि आयए६बी असे तीन संच १४,४००. बॉक्सर १५,५००. त्याचे १८६५०चे दोन सेल १,०००. लिपो चार, ७,६००. चार्जर २,५००. सर्व्हो आठ, १,२००. मोटर आणि ईएससी दोन जोड्या, २,२००. आय६साठी चार्ज होणारे पेन्सिल सेल बारा, २,४००. जादा रिसीव्हर दोन, २,८००. एकूण ४९,६००. उरलेल्या चारशेत फोमबोर्ड. सर म्हणाले, "विमान चारशेचं आणि बाकी सगळं बाकीचं."

एका मुलाचा मामा दुबईला असतो, बॉक्सर तिकडून स्वस्तात येईल म्हणाला. विषय तिथंच बंद केला. वायरलेस उपकरण आयात करायचं तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए ही मंजुरी लागते. ती नसेल तर पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि सोडवायला कागद कुणाकडंच नसतो. भारतातल्या विक्रेत्यानं ते सगळं आधीच निस्तरलेलं असतं, जास्तीचे पैसे त्याचेच.

१५ जुलै, सोमवार

काकांचा फोन. ६ईएक्स कोथरूडच्या एका मुलाला विकला, साडेपाच हजाराला, चांगल्या रिसीव्हरसकट. मला बरं वाटलं. ज्याला दोनच विमानं उडवायची आहेत त्याला तो रेडिओ आयुष्यभर पुरेल. ७२चा सेट, क्रिस्टलची डबी आणि सगळे एस३००३ ते कॉलेजला भेट देणार आहेत. "फक्त पावती द्या, आणि कुणी उघडून मोडला तरी चालेल." भाऊसाहेबांनी भेटवस्तू म्हणून नोंद करायची तयारी दाखवली. प्रश्न मिटला.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबेना, कृष्णेचं पाणी चढतंय. सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाकडं. लॅब अटेंडंट मामांनी ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग स्टेशन आणि काकांची पेटी पहिल्या मजल्यावर हलवली. ऑर्डर पुढं ढकलली. पार्सल पुरात भिजून आलं तर कुणाशी भांडणार.

१३ ऑगस्ट, मंगळवार

माल आला. नवा आहे म्हणून तसाच कपाटात ठेवायचा नाही. परत करायची मुदत सात दिवसांची असते, आणि सरकारी पद्धतीनं आपण खोकं महिन्यानं उघडतो. काकांच्या रेडिओला लावल्या त्याच चाचण्या आज सगळ्यांना लावल्या.

आय६ला पडद्यावर प्रत्येक चॅनलची, म्हणजे काठीच्या प्रत्येक हालचालीची, पट्टी दिसते, त्यामुळं काम झटपट. दोन रेडिओ निर्दोष. तिसऱ्याची एलिव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणारी) काठी सोडली की पट्टी मध्यावर न थांबता एका बाजूला झुकलेली. काठ्या कोपऱ्यात धरून चालू केल्यावर कॅलिब्रेशनचा पडदा येतो, तिथून करून बघितलं, सुधारली. पाच रिसीव्हरांपैकी एकाची सहाव्या चॅनलची पीन आत दबलेली. विक्रेत्याला फोटो पाठवला, तो बदलून देणार. वापरलेल्या रिसीव्हरला हे झालं असतं तर चिमट्यानं पीन ओढत बसले असते.

मुलांना आय६ची एक गोष्ट आवडली नाही: थ्रॉटल खाली आणि सगळे खटके वर असल्याशिवाय तो चालूच होत नाही, पडद्यावर तक्रार करत बसतो. मला तीच सगळ्यात आवडली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ट्रेनर केबल, म्हणजे शिक्षकाचा आणि मुलाचा रेडिओ जोडणारी. आय६च्या पाठीमागचं भोक चार पिनांचं मिनी-डिन, जुन्या टीव्हीच्या एस-व्हिडिओसारखं. बॉक्सरला साडेतीन मिलिमीटरचा जॅक. तयार केबल मिळते, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेनं केबल विकत आणली तर उद्या मुलं आम्हाला विचारतील. मामांनी भांडारातून एस-व्हिडिओची एक धूळ खात पडलेली वायर काढून दिली. एक टोक कापलं, कुठल्या पिनेवर काय येतं ते स्कोपवर शोधलं, दुसऱ्या टोकाला मोनो प्लग लावला.

मुलांसाठी हा सगळ्यात चांगला तास झाला. स्कोपवर सुमारे २० मिलिसेकंदांची चौकट, त्यात एकामागून एक चॅनल, काठी हलवली की एका चॅनलची रुंदी एक ते दोन मिलिसेकंदांमध्ये सरकते. शेजारी काकांचा ७२चा रेडिओ उघडून ठेवला होता. त्याच्या आतही तीच साखळी. मधल्या इतक्या वर्षांत हवेतली भाषा बदलली, वायरीवरची बदलली नाही, म्हणूनच दोन कंपन्यांचे रेडिओ एका केबलनं बोलू शकतात. एस३००३ सर्व्होंचं प्रत्येकी वजन ३७ ग्रॅम, आमच्या विमानाला ते झेपणार नाहीत, पण असल्या प्रयोगांना उत्तम. मुलं ते उघडून नायलॉनची चाकं मोजतायत.

बॉक्सरवर फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए ही पद्धत निवडून उपप्रकार पीडब्ल्यूएम-आयबस ठेवला, आयए६बी पहिल्या फटक्यात जोडला गेला. चॅनलांचा क्रम दोन्हीकडं एकच: एलेरॉन (पंख कलवणारं), एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर (डावी-उजवीकडं वळवणारं). आय६ स्टुडंट मोडवर टाकला. डाव्या खांद्यावरचा खटका दाबून धरला तर विमान मुलाचं, सोडला की माझं. उलटं ठेवायचं नाही. घाबरलेला माणूस हातातलं सोडतो, दाबत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती, मुलं अर्धीच. फेलसेफ लावला. संपर्क तुटला तर थ्रॉटल शून्य, रडर किंचित वळलेलं. मोटरचा प्रॉपेलर काढून, रेडिओ बंद करून खात्री केली. पहिल्या खेपेला थ्रॉटल शेवटच्या जागीच अडकून राहिलं, दुसऱ्या रिसीव्हरला फेलसेफ साठवायचाच राहिला होता. बॉक्सरवर एक विमान आणि आय६वर तेच विमान अशी अदलाबदल करताना दर वेळी नव्यानं बाइंड करावं लागतं आणि फेलसेफही नव्यानं तपासावा लागतो. प्रत्येक विमानाच्या पोटावर तसा कागद चिकटवला.

एका माजी विद्यार्थ्यानं तीन लिपो देऊ केल्या, अर्ध्या किमतीत, "फक्त दहा-बारा वेळा चार्ज केल्यात." एक फुगलेली. दुसरीचे सेल मोजले: ३.८२, ३.८१, ३.४० व्होल्ट. तिसरा मागं पडलेला. वापरलेली लिपो मी फुकटसुद्धा घेत नाही. तिची मागची जन्मपत्रिका कुणाला माहीत नसते आणि ती मुलांच्या दप्तरात जाणार असते.

२८ सप्टेंबर, शनिवार

जागा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर आमचं मैदान हिरव्या, म्हणजे मोकळ्या, पट्ट्यात, ४०० फुटांपर्यंत. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं यान मॉडेल धरलंय. तरी पोलीस ठाण्यात तारखेचं पत्र देऊन आलो. हवालदारांनी विचारलं, "कॅमेरा आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

६ ऑक्टोबर, रविवार

सरांनी पहिलं विमान उडवलं. आधी रेंज बघितली, मोटर बंद ठेवून आणि मग मोटर चालू ठेवून, कारण ईएससीचा गोंगाट मोटर फिरल्यावरच कळतो. अँटेनाची दोन टोकं पंखाखाली काटकोनात, कार्बनच्या नळीपासून लांब. कार्बन २.४ला पडद्यासारखा आड येतो.

विमान उडालं, उजवीकडं ओढत होतं, दोन खटके ट्रिम देऊन (काठीचा मध्य किंचित सरकवून) सरळ झालं. दुपारपर्यंत पाच मुलांनी केबलवर हात मारला. ताबा बरेचदा परत घ्यावा लागला, जमिनीला एकदाही नाक लागलं नाही. सव्वालाखाच्या मागणीतलं जे सामान आलं नाही त्याची आज कुणाला आठवण झाली नाही. मला झाली. एक चौथा आय६ असता तर रांग लवकर सरकली असती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चौथा आय६ सापडला. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला स्वतःचा हवाय, इस्लामपूरचा एक मुलगा विकतोय. आयए६बीसकट ३,००० म्हणतो. महिन्याभरापूर्वी मी नवाच घे म्हटलं असतं. आता तिच्याजवळ आमचे रिसीव्हर, आमची केबल, आमची सेटिंग्ज सगळं जुळतं, आणि बिघडलाच तर प्रयोगशाळेत उघडायला जागा आहे. वापरलेला घ्यायला हरकत नाही.

तो मुलगा रेडिओ घेऊन आला. सेलच्या पेटीत एका स्प्रिंगवर हिरवट थर, व्हिनेगर लावून ब्रशनं निघाला. पडद्यावर पट्ट्या लावल्या. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर स्वच्छ. थ्रॉटल सावकाश वर नेताना चाळीस टक्क्यांपाशी पट्टी थरथरली आणि पुढं उडी मारून गेली. खाली आणताना पुन्हा तिथंच. त्यानं जोरात हलवून दाखवलं, "बघा मॅडम, बरोबर आहे की." मी पुन्हा सावकाश हलवलं. मग तोही बघत राहिला. त्याला हे कधी दिसलंच नव्हतं, खोटं बोलत नव्हता.

रिसीव्हरच्या अँटेना मोजल्या, दोन्ही ३१. जोडणी नव्यानं झाली. काठीखालचा पोटेन्शिओमीटर बदलता येतो, सुटा भाग दीडशेच्या आतला, सोल्डरिंग तीन पायांचं. रिसीव्हरचे १,४०० नव्यासारखे धरले तर रेडिओचे सातशे-आठशे. खाली यायला त्याला वेळ लागला. २,१००ला सौदा ठरला. मुलीनं यूपीआयनं पैसे दिले आणि तिथंच खुर्ची ओढून मागचे चार स्क्रू काढायला बसली.